वॉरंटी संपली म्हणजे हक्कही संपला?

वॉरंटी कार्डावरची तारीख आपल्यापेक्षा आपल्या घरातल्या वस्तूंनाच जास्त पाठ असते की काय, अशी शंका हल्ली येते. वर्षभर टीव्ही झकास चालतो आणि तेराव्या महिन्यात अर्धा पडदा काळा पडतो. मोबाईलचं चार्जिंग, वॉशिंग मशीनचं बटण, मिक्सरची मोटर, सगळ्यांची तीच तऱ्हा. सर्व्हिस सेंटरला फोन लावला की पलीकडची मुलगी गोड आवाजात सांगते, "मॅडम, तुमचं प्रॉडक्ट आउट ऑफ वॉरंटी आहे." आणि आपण "बरं" म्हणून फोन ठेवतो. मैत्रिणींनो, माझी तक्रार आहे ती या "बरं" वर.

आधी वस्तू एवढ्या लवकर का बिघडतात ते बघू. प्रत्येक वेळी त्यामागे कंपनीचा कावा असतो असं मी म्हणणार नाही. पूर्वीच्या फ्रीजमध्ये थर्मोस्टॅट बिघडला तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक तेवढाच सुटा भाग बदलून द्यायचा. आता सगळा कारभार एका इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालतो. त्यातला पाच-दहा रुपयांचा कपॅसिटर उष्णतेने किंवा कमी-जास्त दाबाने गेला तरी अख्खा बोर्ड बदलावा लागतो, कारण सुटा भाग मिळत नाही आणि काही बोर्डांवर तर रसायन ओतून तो बंदच केलेला असतो. टीव्हीच्या पडद्यामागे बारीक दिव्यांच्या पट्ट्या असतात, त्यातला एक दिवा गेला की पट्टी अंधारते. आपल्याकडचा उन्हाळा आणि विजेचा लपंडाव यात भर घालतो. मात्र सगळंच निसर्गावर ढकलता येत नाही. इटलीत 2018 साली ॲपल आणि सॅमसंग या कंपन्यांना तिथल्या स्पर्धा नियामकाने दंड केला. त्यांच्या सॉफ्टवेअर अपडेटमुळे जुने फोन मंदावले, असा ठपका होता.

आता मुद्द्याची गोष्ट. वॉरंटी ही कंपनीने आपणहून दिलेली हमी आहे. कायद्याचं संरक्षण ही वेगळी गोष्ट. 1930 च्या वस्तू विक्री कायद्यातच हे गृहीत धरलेलं आहे की, त्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून घेतलेली वस्तू विकण्यायोग्य दर्जाची असली पाहिजे. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'दोष' या शब्दाची व्याख्या बरीच व्यापक आहे. वस्तूच्या दर्जात असलेली उणीव म्हणजे दोष. ही उणीव कारखान्यातूनच आलेली असेल आणि तेराव्या महिन्यात उघडी पडली असेल, तर ती तेराव्या महिन्यात जन्मली असं होत नाही ना! पोटात दुखणं आज सुरू झालं तरी खडा आधीपासूनच असतो, तसंच हे.

फक्त एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. वॉरंटीत असताना "बिघडलं" एवढं म्हटलं की पुरतं. त्यानंतर मात्र हा मूळचाच दोष आहे, हे दाखवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. म्हणून कागद लागतात.

आमच्या बचत गटातल्या एका ताईंचं उदाहरण सांगते. त्या इडली-डोशाचं पीठ विकतात. त्यासाठी चोवीस हजारांचा फ्रीज अठरा हप्त्यांवर घेतला. दुकानात "दहा वर्षांची वॉरंटी" असा मोठा फलक होता. एक वर्ष आणि तेवीस दिवसांनी फ्रीज गार करेना. मेकॅनिकने सांगितलं, दहा वर्षं कॉम्प्रेसरची, आणि तो तर ठणठणीत आहे. गेलाय तो बोर्ड, त्याची वॉरंटी एकच वर्ष, खर्च पाच हजार चारशे. त्या दिवशी बारा किलो पीठ आंबून फुकट गेलं. फ्रीज बंद आणि हप्ते चालू.

दुकानदाराने दोन गोष्टी ऐकवल्या. पावती नवऱ्याच्या नावावर आहे, तुमची तक्रार चालणार नाही. आणि तुम्ही धंद्यासाठी वापरता, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. या दोन्ही गोष्टी आपल्या बायकांना हमखास ऐकवल्या जातात, आणि दोन्ही चुकीच्या आहेत. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही कायद्याने ग्राहक असते. आणि व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागू नसला, तरी स्वतः राबून केवळ पोट भरण्यासाठी केलेला स्वयंरोजगार त्या 'व्यापारी कारणात' मोडत नाही. पीठ, पापड, शिवणकाम करणाऱ्या प्रत्येकीने हे लक्षात ठेवावं.

ताईंच्या बाजूने आणखी एक गोष्ट निघाली. दहाव्या महिन्यात फ्रीज नीट गार करत नाही म्हणून त्यांनी तक्रार नोंदवली होती. माणूस आला, काहीतरी खुडबुड करून गेला. त्याचा मेसेज मोबाईलमध्ये तसाच होता. म्हणजे दुखणं वॉरंटीतच सुरू झालेलं! आम्ही कंपनीला ईमेल केला, त्यात हीच तारीख ठळक लिहिली. आठ दिवस उत्तर नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे 1915 या क्रमांकावर, तक्रार दिली. तिथे मराठीतही बोलता येतं. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, पण तक्रार कंपनीच्या वरच्या लोकांपर्यंत पोचवते, आणि गावातल्या सर्व्हिस सेंटरपेक्षा तिथे जरा जास्त जपून बोललं जातं. तीन आठवड्यांनी कंपनीने बोर्ड मोफत बदलून दिला, मजुरी ताईंनी भरली. पिठाची भरपाई मिळाली नाही. ती मागायला जिल्हा आयोगात जावं लागलं असतं, आणि त्यांनी तेवढ्यावरच समाधान मानलं.

जिल्हा आयोगाची भीती मात्र बाळगू नये. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वकील सक्तीचा नाही. कंपनीचं ऑफिस दिल्लीत असो की चेन्नईत, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ही सोय 1986 च्या जुन्या कायद्यात नव्हती. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. वस्तू तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवण्याचा अधिकारही आयोगाला आहे. कायदा म्हणतो तीन महिन्यांत, आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल लागावा. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हेही सांगून ठेवते. दोन हजारांच्या मिक्सरसाठी तो व्याप करायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

खरं तर प्रत्येकीने एकेकटीने भांडावं, ही व्यवस्थाच मला पटत नाही. युरोपीय संघात नव्या वस्तूवर किमान दोन वर्षांची हमी कायद्यानेच मिळते, कंपनीच्या मर्जीने नाही. फ्रान्समध्ये 2021 पासून मोबाईल, टीव्ही, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी याचे गुण छापावे लागले. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' हे पोर्टल सुरू केलं आणि 2024 मध्ये असेच गुण ठरवण्यासाठी समिती नेमली. मे 2025 मध्ये समितीने अहवाल दिला, सुरुवात मोबाईल आणि टॅबलेटपासून करावी असं सुचवलं. ठीक आहे, पण छोट्या गावातल्या बाईचं खरं दुखणं फ्रीज आणि वॉशिंग मशीनचं आहे. विजेच्या उपकरणांवर जसे तारे असतात तसे दुरुस्तीचेही दिसले, तर दुकानात उभं राहून आपण निदान एक प्रश्न जास्त विचारू.

तोवर विचारायचं ते हेच की, दहा वर्षं नेमकी कशाची? बोर्डाची किती? वाढीव वॉरंटी विकली जात असेल तर ती कंपनीची की दुसऱ्याच कुणाची? बिलाशिवाय वस्तू घेऊ नये. बिल न देणं हा कायद्याने अनुचित व्यवहार आहे. आणि ते गुळगुळीत कागदावरचं बिल वर्षभरात पुसट होतं, म्हणून त्याच दिवशी फोटो काढून ठेवावा.

आणि हो, मेकॅनिक घरी येतो तेव्हा बहुतेक वेळा घरात आपणच असतो. तो जाताना "मॅडम, मोबाईलवर आलेला नंबर सांगा" म्हणतो आणि आपण भाजी ढवळत ढवळत सांगून टाकतो. बऱ्याच कंपन्यांमध्ये तो नंबर दिला की 'तक्रार सुटली' अशी नोंद होते. वस्तू आपल्या डोळ्यांदेखत चालू झाल्याशिवाय तो देऊ नका. काय बिघडलं आणि काय केलं, हे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या. तो लिहायला तयार नसेल, तर तारीख आणि वेळ घालून तुम्हीच कंपनीला मेसेज करा.