सोसायटीच्या खताला वास का येतो? दोष ओल्या कचऱ्याचा नाही, जाळलेल्या पानांचा

फेब्रुवारीत पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या सभेत एकाच विषयावर दोन तास चर्चा झाली. खतखड्डा बंद करायचा का? वास येतो, चिलटं होतात, तळमजल्यावरच्यांना खिडक्या उघडता येत नाहीत. शेवटी खापर फुटलं ते खड्डा सांभाळणाऱ्या मावशींवर. ‘त्या नीट हलवत नाहीत,’ असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खड्ड्यापासून वीस पावलांवर बदामाच्या वाळक्या पानांचा ढीग पेटवलेला दिसला.

मी इंजिनीअरिंग केलंय, बागकाम नाही. पण हे दोन्ही प्रश्न एकच आहेत, हे समजायला साधी त्रैराशिकं पुरतात. माझं मत स्पष्ट आहे. शहरात चांगली माती तयार होत नाही याचं कारण कचरा कमी किंवा गांडुळं कमी हे नाही. आपण ओला कचरा जपतो आणि त्याचा जोडीदार असलेला पालापाचोळा जाळून टाकतो, हे आहे.

खड्ड्यात नेमकं काय बिघडतं?

कचरा कुजवतात ते जिवाणू आणि बुरशी. त्यांना कार्बन लागतो ऊर्जेसाठी आणि नायट्रोजन लागतो शरीर बांधण्यासाठी. साधारण २५ ते ३० भाग कार्बनला १ भाग नायट्रोजन, हे प्रमाण त्यांना मानवतं. भाजीची देठं, फळांच्या साली यात हे प्रमाण १५-१६च्या आसपास असतं, वाळक्या पानांत ५०च्या वर.

दुसरी अडचण पाण्याची. ओल्या कचऱ्यात सुमारे ८० टक्के पाणीच असतं. नुसता तोच भरला की तो दबून लगदा होतो आणि आत हवा शिरत नाही. मग हवेशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. डोळ्यांना झोंबणारा, अमोनियाचा वास येत असेल, तर नायट्रोजन जास्त झालाय असं समजा. अशा लगद्यात मावशींनी दिवसभर फावडं मारलं तरी फरक पडणार नाही.

गणित काय सांगतं?

१ किलो ओला कचरा घ्या. पाणी वजा जाता उरतात २०० ग्रॅम. त्यात साधारण ८० ग्रॅम कार्बन आणि ५ ग्रॅम नायट्रोजन. आता त्यात ३०० ग्रॅम वाळकी पानं मिसळा. पानांतून सुमारे १३० ग्रॅम कार्बन आणि अडीच ग्रॅम नायट्रोजन येतो. एकूण कार्बन २१०, नायट्रोजन साडेसात. प्रमाण झालं २८ला १. शिवाय मिश्रणातलं पाणी ८० टक्क्यांवरून ६४ टक्क्यांच्या आसपास येतं. एकाच घटकाने दोन्ही दुखणी बरी होतात.

रोज काटा घेऊन बसायची गरज नाही. एक बादली ओल्या कचऱ्याला दीड ते दोन बादल्या चुरडलेली पानं, एवढं लक्षात ठेवा. मूठभर मिश्रण दाबल्यावर हाताला ओल लागावी, पाणी गळू नये.

हे काही नवं ज्ञान नाही. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेत थरांची जी पद्धत बसवली, ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. तिच्यातही पिकांचे वाळके अवशेष, शेण, माती आणि राख यांचेच थर होते. आपल्या गावातल्या उकिरड्यातही शेणाबरोबर काडीकचरा पडायचाच. शहरातल्या खड्ड्यातून आपण नेमकी तीच काडी काढून टाकली.

गांडुळं कधी सोडायची?

वास आला की पुष्कळ सोसायट्या गांडुळं विकत आणतात आणि ताज्या कचऱ्यावर सोडतात. आठवड्यात ती मरतात किंवा पळून जातात. कारण मोठा ढीग चांगला पेटला की आतलं तापमान ५५ ते ६५ अंशांवर जातं. रोगजंतू आणि तणाचं बी मारायला ही उष्णता हवीच, पण गांडुळाला ३५ अंशही सोसत नाहीत. म्हणून आधी ढीग तापू द्या, निवू द्या, आणि अर्धवट कुजलेल्या मालावर गांडुळं सोडा. वर ओलं गोणपाट, डोक्यावर सावली. मीठ-मसाल्याचं उरलेलं अन्न आणि लिंबाच्या सालींचा मारा टाळा.

आणखी एक गैरसमज. खतासाठी मिळणारी ‘आयसेनिया फेटिडा’ किंवा ‘युड्रिलस’ जातीची गांडुळं कुजणाऱ्या थरात राहणारी असतात. ती कुंडीतल्या मातीत सोडून उपयोग नाही, तिथे त्यांना खायलाच नसतं. बागेच्या मातीत खोल बिळं करणारी गांडुळं वेगळी. ती विकत आणावी लागत नाहीत. वर पानांचं आच्छादन असेल, ओल टिकत असेल, तर ती आपोआप येतात.

शेणखत ताजं की कुजलेलं?

‘गोठ्यातून ताजं शेण आणून घातलं आणि गुलाब जळला,’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ताजं शेण मातीत कुजताना मुळांशी उष्णता आणि अमोनिया सोडतं. कोंबडीखत तर त्याहून जहाल. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणीच्या अळ्याही येतात आणि त्या मुळं कुरतडतात, हे आपल्या शेतकऱ्यांना वेगळं सांगायला नको. खत काळपट, भुसभुशीत झालं असेल, शेणाचा वास गेला असेल आणि हात घातल्यावर गरम लागत नसेल, तरच ते वापरा. कोथिंबीर, पालक, मुळा यांना तर कच्चं शेण नकोच. अमेरिकेतल्या सेंद्रिय प्रमाणीकरणात मातीला टेकणाऱ्या पिकांसाठी कच्चं शेणखत घालणं आणि काढणी यांत १२० दिवसांचं अंतर सक्तीचं आहे.

इतक्या खटाटोपातून मिळतं काय?

इथे प्रामाणिकपणे बोलायला हवं. शेणखतात नायट्रोजन जेमतेम अर्धा टक्का असतो, युरियात ४६ टक्के. म्हणजे १०० किलो शेणखतातला नायट्रोजन सव्वा किलोहून कमी युरियातही मिळतो. फक्त पोषणद्रव्यांचा हिशेब केला तर कंपोस्ट महाग पडतं.

पण युरियाने मातीची घडण बदलत नाही. आपली काळी माती पावसाळ्यात चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. नव्या इमारतीभोवती तर माती कमी आणि मुरूम-राडारोडाच जास्त. सेंद्रिय पदार्थ खाणारे जिवाणू जो चिकट पदार्थ सोडतात, त्याने आणि बुरशीच्या तंतूंनी मातीचे कण जोडून दाणे तयार होतात. दाण्यांमधल्या पोकळीत हवा खेळते, पाणी मुरतं, मुळं शिरतात. हे काम एका पोत्यात होत नाही. दरवर्षी दोन-तीन इंचांचा थर आणि वर पानांचं आच्छादन, असं काही वर्षं करावं लागतं.

मग करायचं काय?

२०१६च्या घनकचरा नियमांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी मोठ्या सोसायट्यांवर टाकली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली. दंड ५ हजार रुपये, मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५ हजार. पण ‘ओला कचरा जिरवा’ आणि ‘पानं जाळू नका’ ही दोन वाक्यं एकमेकांना जोडून सांगितली जात नाहीत.

आमच्या ४० घरांचा ओला कचरा रोज ३० किलो निघतो. त्याला रोज ९ किलो पानं हवीत, वर्षाला तीन टनांहून जास्त. आवारातल्या झाडांनी ते भागणार नाही. पण पानगळीच्या दोन-तीन महिन्यांत रस्त्यांवर पोती भरभरून पानं पडतात. ज्यांना पानं नकोत आणि ज्यांना हवीत त्यांची गाठ घालून देणारा ‘ब्राऊन लीफ’सारखा उपक्रम पुण्यात नागरिकांनी उभा केला. माझ्या मते हे काम महापालिकांनीच नियमित करावं. पानं वेगळी उचलावीत आणि खतखड्डा चालवणाऱ्या सोसायट्यांना पोत्यांतून द्यावीत. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही, फक्त पोती आणि एक कोरडी जागा लागते.

आमच्या सभेने खड्ड्याला तीन महिन्यांची मुदत दिली. आम्ही पानांची ३५ पोती जिन्याखाली रचली आणि मावशींना एकच सूचना दिली : एक बादली कचरा, दोन बादल्या पानं. तिसऱ्या आठवड्यात वास गेला. मे महिन्यात पहिलं खत चाळलं, तेव्हा मावशींनी दोन डबे घरच्या कढीपत्त्यासाठी नेले. त्यांची माफी मात्र सभेत अजून कुणी मागितलेली नाही.

पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डेपोत गेला आणि तिथल्या गावकऱ्यांना त्याविरुद्ध पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरावं लागलं. खड्डा बंद करण्यासाठी हात वर करण्याआधी ते आठवा, आणि आवारातली पानं कुठे जातात तेही एकदा बघून या.