‘सेंट्रल इंडिया’ म्हणजे नागपूर नव्हे! क्लाउड वापरण्याआधी विचारा दोन प्रश्न

मध्य भारत म्हटलं की चंद्रपूर-गडचिरोलीकरांच्या डोळ्यांसमोर नागपूर येतं. मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउडच्या यादीत मात्र ‘सेंट्रल इंडिया’ म्हणजे पुणे, ‘वेस्ट इंडिया’ म्हणजे मुंबई आणि ‘साउथ इंडिया’ म्हणजे चेन्नई. ही तीन केंद्रं २०१५ मध्ये सुरू झाली. प्रत्येक केंद्रात प्रत्येक सेवा मिळतेच असं नाही. नवशिके नेमके इथेच अडकतात.

रिसोर्स प्रोव्हायडर म्हणजे काय?
रेशनकार्डासाठी तहसील कार्यालयात पुरवठा विभागाचं टेबल गाठावं लागतं. अझूरमध्येही प्रत्येक सेवेचा असा विभाग आहे. व्हर्च्युअल मशीनसाठी ‘मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम्प्युट’, फाइल साठवायला ‘मायक्रोसॉफ्ट डॉट स्टोरेज’. तुमच्या सबस्क्रिप्शनमध्ये तो विभाग नोंदलेला नसेल, तर काम एररवर थांबतं.

प्रश्न पहिला : नोंद आहे का?
अझूर सीएलआयमध्ये ‘एझेड प्रोव्हायडर लिस्ट’ ही कमांड द्या. यादी लांबलचक येते, म्हणून आउटपुट ‘टेबल’ स्वरूपात मागा. ‘रजिस्टर्ड’ की ‘नॉट रजिस्टर्ड’, ते समोर दिसतं. नोंद नसेल तर ‘एझेड प्रोव्हायडर रजिस्टर’. त्यासाठी पुरेसे अधिकार लागतात. सगळंच नोंदवत सुटू नका. लागेल तेवढंच नोंदवा.

प्रश्न दुसरा : कुठे मिळते?
‘एझेड प्रोव्हायडर शो’सोबत विभागाचं नाव द्या. त्यातल्या सेवा आणि त्या कोणत्या केंद्रात मिळतात, हे कळतं. पॉवरशेलमध्ये याच कामासाठी ‘गेट-एझेड-रिसोर्स-प्रोव्हायडर’ आहे. जुन्या नोट्समधल्या ‘अझूर-आरएम’ कमांड मात्र सोडून द्या. ते मॉड्यूल २९ फेब्रुवारी २०२४ रोजी निवृत्त झालं.

आपल्याला याचं काय?
डिसेंबर २०२५ मध्ये ‘महाक्राइमओएस एआय’ ही पोलिस तपासाची प्रणाली राज्यातल्या सर्व १,१०० पोलिस ठाण्यांत नेण्याची घोषणा झाली. ती अझूरवर चालते. म्हणजे हा विषय आता आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या ठाण्यांपर्यंत येतो आहे. अशा प्रणाली सांभाळणारी माणसं दरवेळी पुण्या-मुंबईहूनच का यावीत?

माझं मत स्पष्ट आहे : आपल्या कॉलेजांत क्लाउड शिकवताना बटणांआधी कमांड शिकवा. पोर्टलची पानं बदलत राहतात. कमांड वहीत लिहिता येते, मित्राला व्हॉट्सअॅपवर पाठवता येते. लॅपटॉप नसला तरी मोबाइलच्या ब्राउझरमध्ये क्लाउड शेल उघडतं. कमांड पलीकडच्या संगणकावर चालते आणि आपल्याकडे फक्त अक्षरं येतात. जंगलपट्ट्यात रेंज तुटते, तिथे हा फरक मोठा आहे.

मुख्य म्हणजे, एरर आली की घाबरायचं नाही, आधी यंत्रणेलाच विचारायचं, ही सवय लागते. सेवा कोणती, नोंद आहे का, मिळते कुठे? विद्यार्थ्याने हे विचारायला शिकावं. आपली माहिती क्लाउडवर ठेवणाऱ्या प्रत्येक कार्यालयाकडेही याची उत्तरं तयार असावीत.