जुन्या वस्तऱ्यांचा छंद

जुने वस्तरे जमविणें पुष्कळांस पोरखेळ वाटतो. आमचें मत निराळें आहे. मात्र जमविलेला वस्तरा कपाटांत न ठेवतां त्यानें दाढी करावी.

इंग्लंडांत विसाव्या शतकांत बनलेला ‘रोल्स’ वस्तरा पाहावा. त्याच्या धातूच्या डबीस दोन झांकणें. एकांत दगड, दुसऱ्यांत चामड्याचा पट्टा. आंतील मूठ मागेंपुढें सरकविली, कीं पातें प्रत्येक फेरीस उलटून दोन्ही बाजूंनीं पाजवलें जातें. याप्रमाणें एकच पातें वर्षानुवर्षें चाले. अमेरिकेंतील किंग जिलेट यांस 1904 सालीं ज्या वस्तऱ्याचें पेटंट मिळालें, त्याचें पातळ पातें मात्र बोथट होतांच टाकावयाचें होतें. वेळ वांचला, आणि टाकण्याची संवय जडली. आज तर प्लास्टिकांत जखडलेला पात्यांचा अख्खा संचच केरांत जातो.

पाजवण्यांत वेळ खर्चतो, हें खरें. परंतु धार कशी येते व कशानें जाते, हें त्या वेळांतच कळतें. आणि ज्यास हें कळलें, तो चाकू, कात्री, वहाणहि सहज फेंकीत नाहीं. असा वस्तरा घरीं असल्यास पालकांनीं तो मुलांसमोर पाजवून वापरावा. वस्तु राखण्याची विद्या उपदेशानें येत नाहीं. ती पाहून येते.