निलंग्याचा मल्ल, कोल्हापूरची तालीम

1977 साली बेळगावच्या मैदानात हरिश्चंद्र बिराजदार यांनी सतपाल यांना पराभूत केले. बिराजदारांचे नाव आज निघते ते बहुधा या एकाच कुस्तीपुरते. एका विजयाच्या तेजात त्यांची सारी कारकीर्द झाकोळली गेली, आणि तिच्याबरोबर मराठवाड्याची एक जुनी उणीवही.

बिराजदारांचे गाव रामलिंग मुदगड, तालुका निलंगा. 1969 चे महाराष्ट्र केसरी अधिवेशन लातुरात भरले आणि अवघ्या 19 वर्षांच्या या तरुणाने किताब जिंकला. लातूर तेव्हा जिल्हाही नव्हता. उस्मानाबादपासून तो वेगळा झाला 1982 मध्ये. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक, 1972 मध्ये ‘रुस्तुम-ए-हिंद’.

परंतु हा मल्ल घडला तो कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत.

असे का व्हावे? मराठवाड्यात कुस्तीचे वेड कमी नव्हते. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाची यात्रा असो वा लातूरच्या सिद्धेश्वराची, फड रंगल्याशिवाय तिला शोभा नाही. मात्र यात्रेची कुस्ती एका दिवसाचा मान देते. वर्षभराचे दूध, तूप, बदाम देत नाही. रोज अंगाशी झटणारा तुल्यबळ जोडीदार आणि चूक दाखवणारा वस्ताद तिथे मिळत नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, मल्लांच्या खुराकाची सोय केली, खासबागेचे मैदान उभारले. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. येथील मल्लांच्या पाठीशी असा राजाश्रय नव्हता आणि स्वातंत्र्यानंतरही ती पोकळी लवकर भरली नाही.

अमेरिकेत हे काम विद्यापीठे करतात. तिथल्या फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन मुसंडी मारणाऱ्या गुणी विद्यार्थ्याचे शिक्षण, निवास, भोजन विद्यापीठ उचलते (आणि त्याच्या घामावर बक्कळ कमावते, हेही खरे). मराठवाड्याचे पहिले विद्यापीठ औरंगाबादेत 1958 मध्ये आले. नांदेडचे तर 1994 मध्ये. बिराजदारांच्या वयात आलेल्या मुलासमोर एकच मार्ग होता: वळकटी उचलून कोल्हापूर गाठणे.

म्हणून त्यांना ‘कोल्हापूरचे मल्ल’ म्हणताना गंगावेशीचे श्रेय मान्य करावेच. पण निलंग्याचा उल्लेख गाळणे म्हणजे त्या स्थलांतराचे कारणच पुसून टाकणे होय.

निवृत्तीनंतर बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत गुरू झाले. त्यांच्या मृत्यूनंतर, म्हणजे 2011 नंतर, त्यांचे शिष्य राहुल आवारे यांना पुढे घडवले ते काका पवार यांनी. तेही लातूर जिल्ह्याचेच. बीडमधील पाटोद्याच्या आवारे यांनी 2018 मध्ये गोल्ड कोस्ट येथे 57 किलो गटात राष्ट्रकुल सुवर्ण जिंकले. गुरू मराठवाड्याचे, शिष्य मराठवाड्याचा. आखाडा मात्र पुण्याचा.