थोडी खिदमत, पण रोजची

अम्मांच्या पश्चात त्यांचा मोगरा आमच्या वाट्याला आला. जुन्नरच्या घराच्या परसात, मोरीच्या पाण्यावर वाढलेले जुने झुडूप. अम्मा होत्या तोवर उन्हाळाभर त्यावर रोज ओंजळभर कळ्या निघत. त्या गेल्यावर आम्ही त्याला फार जपले. सकाळ-संध्याकाळ पाणी घातले, खताची अख्खी पिशवी ओतली, आणि त्यांच्या हातचे झाड म्हणून कात्री कधी लावली नाही. झाड पत्र्याला टेकले, पाने हिरवीगार झाली. फुले मात्र पहिल्या उन्हाळ्यात मोजकी आली आणि दुसऱ्या उन्हाळ्यात जवळजवळ नाहीच.

आमच्या मामूंची आंबेगाव तालुक्यात घोड नदीकाठी शेती आहे. जानेवारीत ते आले, झाडाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "छाटले कधी होते?" आम्ही गप्प. "आपा दर थंडीत छाटायची. तुम्ही तेव्हा शाळेत असायचात, म्हणून पाहिले नाही."

त्यांनी आठवडाभर पाणी तोडायला लावले. मग जमिनीपासून दीड फूट ठेवून सगळे झाड कापले, वाळक्या आणि आत वळलेल्या फांद्या मुळापासून काढल्या, बुंध्याशी माती हलवून दोन पाट्या कुजलेले शेणखत दिले आणि पुन्हा पाणी सुरू केले. कापलेल्या फांद्यांचा ढीग पाहून आमच्या डोळ्यांत पाणी आले. एप्रिलमध्ये नव्या फुटीवर कळ्या धरल्या. मोगरा नव्या फुटीवरच फुलतो, एवढी साधी गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती. पहिली ओंजळ शेजारच्या खालांना अम्मांच्या नावाने दिली.

तेव्हापासून परसात आम्ही बारमाही झाडेच लावतो. आपल्या भागात शेतात झेंडू फुलतो तो दसरा-दिवाळीपुरता. हंगाम सरला की रान मोकळे. घराच्या फुलझाडांचे तसे नको. एकदा लावावे आणि वर्षानुवर्षे फुलावे. त्यासाठी महागडी रोपे लागत नाहीत.

सदाफुली, जिला आपल्या घरांत सदाबहार म्हणतात, मूळची मादागास्करची. तिला भरपूर ऊन द्या, माती हलकी असली तरी चालते. शेंडे खुडत राहिले की ती पसरते आणि बाराही महिने फुलते. दोन-तीन वर्षांनी बुंधा लाकडासारखा होऊन फुले कमी होतात. तोवर तिच्याच शेंगांतून खाली पडलेल्या बियांची रोपे तयार असतात. गुलबक्षीला आपण गुले-अब्बास म्हणतो. दुपार कलली की तिची फुले उमलतात, म्हणून मुलांना आम्ही सांगतो, "गुले-अब्बास उघडली, असरची वेळ झाली." झाड सुकून गेले तरी जमिनीत कंद राहतो आणि पावसाच्या पाण्याने पुन्हा फुटतो. अबोलीला थोडी सावली चालते आणि तिचा गजरा लवकर कोमेजत नाही. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण बसतो. एक लिटर पाण्यात 5 मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारावे, आठवड्याने पुन्हा.

ही सगळी झाडे काटक आहेत, पण एका गोष्टीने हटकून मरतात. ती म्हणजे मुळाशी साचलेले पाणी. भीमाशंकर-आहुपेच्या बाजूला पाऊस कोसळतो, तर पूर्वेकडे काळी माती पाणी धरून ठेवते. म्हणून वाफा वीतभर उंच करा आणि काळ्या मातीत वाळू व मुरूम मिसळा. कुंडी असेल तर तळाचे भोक मोकळे आहे ना, हे मृगाआधी पाहा.

उन्हाळ्यात उलटी अडचण. डिंभे, माणिकडोह अशी धरणे उशाशी असूनही डोंगराकडच्या कित्येक वाड्या टँकरची वाट पाहतात. अशा वेळी फुलझाडांना पाणी घालताना मन खाते. आमच्या घरी यावर तोडगा निघाला तो वुजूच्या पाण्याचा. आपले नबी सल्लल्लाहु अलैहि वसल्लम एका मुदभर पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये आहे. मुद म्हणजे पाऊण लिटरहूनही कमी. आम्ही नळ सोडून लोटा घेतला आणि खाली घमेले ठेवले. घमेल्यातले पाणी झाडांना पुरते. तांदूळ-डाळ धुतलेले पाणीही चालते. कपड्यांच्या साबणाचे मात्र घालू नका. वर पालापाचोळ्याचा थर दिला तर एक दिवसाआड पाणी पुरे.

छाटणीला आपल्याकडे आणखी एक कारण आहे. जुन्नर-आंबेगावात बिबट्या उसातून थेट दारापर्यंत येतो. घराभोवती झाडी वाढू देऊ नका, असे वनखाते वारंवार सांगते. दाराशी दाट झुडूप म्हणजे दबा धरायला आयती जागा. म्हणून जास्वंद आणि गुलबक्षी भिंतीपासून दूर, बुंध्याकडून मोकळी ठेवा, आणि पहाटे फजरला बाहेर पडणाऱ्यांच्या वाटेवर काही दाटू देऊ नका.

एक ताकीदही. साखरेच्या आजारावर सदाफुलीची पाने चावून खाणारे आपल्यात पुष्कळ आहेत. या झाडापासून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही कॅन्सरवरची औषधे काढली जातात. म्हणजे त्यात ताकद आहे, आणि म्हणूनच विषही आहे. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून पानांवर राहू नका. गुलबक्षीच्या काळ्या बिया आणि कण्हेरीचा कोणताही भाग लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका.

कामाची वाटणी आम्ही अशी केली आहे. रोज वुजूचे पाणी. दर जुम्याला सुकलेली फुले खुडणे. बी धरू दिले नाही की झाड पुन्हा कळ्या काढते. चांद दिसला की प्रत्येक झाडाला ओंजळभर शेणखत. वर्षातून एकदा छाटणी. ही छाटणी मात्र चांदच्या महिन्यावर ठेवू नका, कारण ते महिने सगळ्या ऋतूंतून फिरतात. मोगऱ्याची डिसेंबर-जानेवारीत, जास्वंदीची थंडी ओसरल्यावर.

थोडे असले तरी नेहमी केलेले काम अल्लाहला अधिक आवडते, ही हदीस आम्ही वर्गात कितीदा शिकवली. परसात मात्र आम्ही आधी पिशवीभर खत एकदाच ओतले आणि मग फुलांची वाट पाहत बसलो. अम्मांनी असे कधी केले नाही. आता जानेवारीत कात्री आमची मुलगी धरते आणि आम्ही तिला फांदी दाखवतो. तिने हे पाहिलेले असावे, एवढीच आमची इच्छा.