मानाचे पान, कष्टाचे पान

आठ, तीन आणि पाच यांची बेरीज सोळा होते, हे सांगण्यास कोणा गणितज्ञाची गरज नाही. २०२२ च्या ऑक्टोबर महिन्यात भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर ही बेरीज साऱ्या देशाने आपल्या डोळ्यांनी पाहिली. सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत ११ तारखेला अमेरिकेने आपल्या मुलींवर आठ गोल चढविले, १४ तारखेला मोरोक्कोने तीन आणि १७ तारखेला ब्राझीलने पाच. आपल्या खाती एकही गोल जमा झाला नाही. कोणी हळहळले, कोणी हसले, आणि पुष्कळांनी, ‘ज्यात आपल्याला गती नाही त्या भानगडीत पडावेच कशाला?’ असा शहाजोग प्रश्न केला.

त्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा कोणी दिले नाही. ते तीन वर्षांनी मिळाले, आणि तेही फार दूरच्या एका गावी. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक येथे, याच वयाच्या भारतीय मुलींच्या संघाने एका गोलाची पिछाडी भरून काढून उझबेकिस्तानचा २-१ असा पराभव केला आणि चीनमधील २०२६ च्या आशियाई चषक स्पर्धेत प्रवेश मिळविला. या स्पर्धेत यापूर्वी भारत खेळला होता तो २००५ साली; परंतु त्या वेळी पात्रतेची कसोटी द्यावी लागली नव्हती. कसोटीला उतरून ही जागा मिळविण्याचा आपला हा पहिलाच प्रसंग. भुवनेश्वरच्या सोळा गोलांची वार्ता घरोघर पोहोचली होती. बिश्केकच्या दोन गोलांची वार्ता किती घरांत पोहोचली, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

आपल्याकडे पंगतीची रीत सर्वांना ठाऊक आहे. घरचे कार्य असले की यजमानाचे पान पंगतीत मांडलेलेच असते. ते त्याला मागावे लागत नाही. २०२२ ची स्पर्धा भारतात झाली म्हणून भारताला जगातील सोळा संघांच्या पंक्तीला जागा मिळाली. ते मानाचे पान होते. पाच वर्षांपूर्वी, २०१७ साली, मुलांच्या स्पर्धेतही तसेच घडले होते. त्या मुलांचाही अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिघांनी पराभव केला. फरक एवढाच की, जीक्सन सिंगने कोलंबियावर एक गोल केला आणि त्या एका गोलाच्या आनंदात आपण बाकीचे नऊ विसरून गेलो. मुलींच्या वाट्याला तो एक गोल आला नाही, म्हणून त्यांचे सोळाच्या सोळा गोल आपल्या लक्षात राहिले!

यजमानपदात आम्हांस गैर काही वाटत नाही. पाहुणे बोलवावेत, मैदाने सजवावीत, जगातल्या उत्तम खेळाडूंचा खेळ आपल्या मुलांना जवळून दाखवावा, यात पुष्कळ लाभ आहे. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्पेनच्या मुलींनी कोलंबियाला १-० असे नमवून चषक उचलला. त्यापूर्वी उपान्त्य फेरीचे दोन्ही सामने गोमंतकात मडगावला झाले होते. हे सामने आपल्या अंगणात झाले, याचा आनंद आम्हांसही झाला. परंतु पाहुण्यांसाठी दारात रांगोळी काढताना घरच्या लेकीला वर्षभर काय वाढले, हा प्रश्न कोणीतरी विचारावयास हवा.

त्या संघाची कर्णधार होती झारखंडच्या गुमला जिल्ह्यातील अष्टम उरांव. विश्वचषक तोंडावर आला तेव्हा तिच्या गावी, तिच्या घराकडे जाणारा रस्ता बांधावयास घेण्यात आला. आईवडिलांना सामना पाहता यावा म्हणून घरी दूरदर्शन संच बसविण्यात आला. येथवरची हकीकत सरकारी प्रसिद्धिपत्रकात शोभून दिसेल. पण मुलीच्या सन्मानार्थ होत असलेल्या त्याच रस्त्याच्या कामावर तिचे आईवडील दिवसाला २५० रुपये रोजाने मजुरी करीत होते, ही गोष्टही त्याच दिवसांत वृत्तपत्रांत आली. ज्या घरातली मुलगी देशाची कर्णधार होऊन अमेरिकेसमोर उभी राहते, त्या घराला साधा रस्ता मिळण्यासाठी विश्वचषक भारतात यावा लागतो. मग ही स्पर्धा भारतात झालीच नसती, तर तो रस्ता कधी झाला असता? या वास्तवाकडे पाठ फिरवून केवळ गोलफलकाकडे बोट दाखविणाऱ्यांना आम्ही काय म्हणावे?

आणि मुली मैदानावर उतरण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी काय चालविले होते? ही स्पर्धा मुळात २०२० साली भारतात व्हावयाची होती. करोनाच्या साथीमुळे ती आधी पुढे गेली आणि मग रद्दच झाली. तिची वाट पाहत असलेल्या मुलींचे वय निघून गेले. हा दोष कोणाचाच नव्हे, तो दैवाचा. परंतु त्यानंतरचे सारे मनुष्यकृत होते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघातील सत्तेचा घोळ सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आणि १५ ऑगस्ट २०२२ रोजी, नेमक्या स्वातंत्र्यदिनी, फिफाने महासंघाला निलंबित केल्याचे वृत्त आले. अकरा दिवसांनी निलंबन उठले तेव्हा पहिल्या सामन्याला अवघा दीड महिना उरला होता. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात, परदेश दौऱ्यातील गैरवर्तनाच्या तक्रारीवरून, याच संघाच्या एका सहायक प्रशिक्षकाला पदावरून दूर करावे लागले होते. ज्यांच्या भरवशावर आईबाप मुलींना घराबाहेर पाठवितात, त्यांच्याविषयीच असा संशय उत्पन्न व्हावा, याहून लाजिरवाणे ते काय! मैदानावरच्या सोळा गोलांचा हिशोब मांडताना मैदानाबाहेरच्या या गोलांचाही हिशोब मांडला पाहिजे. आणि ते त्या मुलींनी खाल्लेले नव्हते.

‘पण मुलींचा फुटबॉल हे पाश्चात्त्यांचे काम, तो त्यांच्या रक्तातच आहे,’ असे म्हणणारे सुशिक्षित गृहस्थ आम्हांस भेटतात. त्यांनी इतिहासाची थोडी पाने उलटावीत. इंग्लंडमध्ये १९२० च्या डिसेंबरात लिव्हरपूलच्या मैदानावर स्त्रियांचा एक सामना पाहण्यास पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षक लोटले होते. वर्षभरातच तेथील फुटबॉल संघटनेने आपल्या सभासद क्लबांची मैदाने स्त्रियांना बंद केली, आणि ती बंदी जवळजवळ अर्धे शतक टिकली. ज्या ब्राझीलने आपल्यावर पाच गोल केले, त्या ब्राझीलमध्ये १९४१ पासून १९७९ पर्यंत स्त्रियांनी फुटबॉल खेळणे कायद्यानेच निषिद्ध होते. आपल्याकडे काय होते? आपल्याकडे १९७५ साली महिला फुटबॉलसाठी स्वतंत्र अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, १९८० साली कालिकतला भरलेल्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिला उपविजेत्या ठरल्या, आणि १९८३ साली बँकॉकला त्यांनी पुन्हा तेच स्थान मिळविले. म्हणजे ब्राझीलच्या स्त्रियांवरील बंदी नुकती उठत होती त्या सुमारास आपल्या स्त्रिया आशिया खंडात दुसऱ्या क्रमांकावर होत्या! शर्यत सुरू झाली तेव्हा आपण मागे नव्हतो. मध्यंतरीच्या चाळीस वर्षांत इतर धावत राहिले आणि आपण बसकण मारली.

ते कसे धावले, हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेने १९७२ साली कायदा केला की, सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत, मुलगी आहे म्हणून कोणाला डावलता येणार नाही. तो कायदा फुटबॉलचा नव्हता, शिक्षणाचा होता. पण त्यातून शाळाशाळांत मुलींची मैदाने उभी राहिली आणि मैदानांतून संघ उभे राहिले. मोरोक्को हा काही श्रीमंत देश नव्हे. त्याने २०२० साली स्त्रियांची व्यावसायिक लीग दोन श्रेणींत सुरू केली, आणि २०२२ च्या जुलै महिन्यात त्याच्या स्त्रिया आफ्रिका खंडाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचल्या. नियमित सामने, शिकविणारी माणसे आणि खेळल्यावर पोट भरेल अशी हमी, या तीन गोष्टींनी हे घडले. आपल्या २०२२ च्या मुलींना मिळाली ती काही महिन्यांची शिबिरे आणि घाईघाईने योजलेले परदेश दौरे. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठांतर करून घ्यावे, तसा हा प्रकार होता.

म्हणूनच बिश्केकच्या विजयाचे मोल आम्हांस फार वाटते. तो एकटाही नव्हता. २०२५ च्या जुलै महिन्यात भारताच्या महिलांच्या मुख्य संघाने थायलंडला थायलंडमध्येच २-१ असे हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळविली. ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालील मुलींनी म्यानमारला यांगूनला नमवून तेच साधले. आणि ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींनी त्यावर कळस चढविला. एकाच वर्षी तिन्ही वयोगटांत, परक्या मैदानांवर, घाम गाळून मिळविलेली ही पाने आहेत. ती कोणी मांडून दिलेली नाहीत. आशियातील बलाढ्य संघांसमोर बसल्यावर या मुलींना पराभव सोसावे लागतील, कदाचित मोठेही. पण आपल्या बळावर पंक्तीत बसलेल्याचा पराभव आणि मानाच्या पानावर बसविलेल्याचा पराभव यांत अंतर असते. पहिल्यातून मनुष्य शिकतो, दुसऱ्यातून खजील होतो.

आता प्रश्न आमच्या वाचकांचा आणि आमचा. या पत्राच्या कचेरीत येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे, आणि त्या काळातील एक कबुली येथे देणे प्राप्त आहे. मैदानाचा तास आला की पाचवी-सहावीच्या मुली मुलांच्या बरोबरीने धावत सुटत. आठवीत आल्या की त्यांतल्या निम्म्या कडेच्या कट्ट्यावर बसू लागत. कोणी घरून चिठ्ठी आणी, कोणी नुसतीच मान खाली घाली. आम्ही चिठ्ठी वाचून मान डोलवीत असू, आणि पुष्कळदा तो तास गणिताला देऊन टाकीत असू. पालकांपैकी एकानेही त्याबद्दल तक्रार केल्याचे आम्हांस स्मरत नाही. त्या कट्ट्यावर बसलेल्या मुलींपैकी एखादी उत्तम गोलरक्षक झाली असती की काय, हे आता कळण्याचा मार्ग उरलेला नाही. कट्ट्यावर त्यांना समाजाने बसविले हे खरे. पण त्या समाजात त्यांचे शिक्षकही होते.

आपल्या प्रांताला फुटबॉलचे वावडे आहे, असेही नाही. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींचे संघ मैदानात उतरले की सारे शहर लोटते. गोमंतकात तर हा खेळ गावोगावच्या जिव्हाळ्याचा. उणीव उत्साहाची नाही; तो मुलींच्या वाट्याला येत नाही, ही उणीव आहे. आणि मुलींच्या खेळाला प्रेक्षक नाही, ही सबब आता चालावयाची नाही. ज्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०२२ साली स्पेनच्या मुलींनी चषक उचलला, त्याच मैदानावर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताच्या महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा स्टेडियम तुडुंब भरले होते. क्रिकेटच्या त्या यशामागे सामन्यांची, मानधनाची आणि प्रशिक्षणाची अनेक वर्षांची तजवीज होती. जे बॅटच्या बाबतीत जमले, ते चेंडूला पायाने मारण्याच्या बाबतीत का जमू नये?

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. शाळेच्या वेळापत्रकातील मैदानाचा तास मैदानावरच व्हावा, आणि मुलींना त्यात कट्टा नव्हे, चेंडू मिळावा. नगरपालिकांनी आपली मैदाने लग्नमंडपांना आणि प्रदर्शनांना देण्यापूर्वी आठवड्यातील दोन संध्याकाळ मुलींच्या संघांसाठी राखाव्यात. तेथे दिवे असावेत, कपडे बदलण्यास खोली आणि स्वच्छ संडास असावा. जिल्ह्याजिल्ह्यांत मुलींचे सामने वर्षभर व्हावेत. स्पर्धा जवळ आली म्हणून चार महिन्यांचे शिबिर भरविणे पुरेसे नाही. मुलींच्या प्रत्येक संघाबरोबर स्त्री व्यवस्थापक असावी, आणि तक्रार कोठे करावयाची हे प्रत्येक मुलीला पहिल्याच दिवशी सांगितले जावे. यांतील कोणत्याही गोष्टीला विश्वचषकाचे यजमानपद लागत नाही, परदेशी तज्ज्ञ लागत नाही, की फार मोठा निधीही लागत नाही. लागते ती एवढीच जाणीव की, मुलीचे शरीर हे सांभाळून झाकून ठेवण्याची ठेव नसून वाढविण्याचे, कमावण्याचे बळ आहे.

‘देशापुढे भाकरीचे प्रश्न असताना चेंडूची कसली चिंता?’ असे कोणी विचारतील. त्यांना आम्ही गुमल्याच्या त्या रस्त्याची आठवण देऊ. तेथे भाकरीचा प्रश्न आणि चेंडूचा प्रश्न एकाच घरात नांदत होते. आणि भाकरीकडे सरकारचे लक्ष गेले, तेही चेंडूमुळे.

भुवनेश्वरला हरलेल्या मुलींनी देशाची मान खाली घातली, असे ज्यांना वाटले त्यांनी ते मत आता बदलावे. पुरेशी शिदोरी न देता आपण त्यांना दूरच्या वाटेला लावले होते, आणि तरीही त्या नव्वद मिनिटे धावत राहिल्या. बिश्केकच्या मुलींनी त्याच वाटेवर पुढचे पाऊल टाकले आहे. यापुढे त्यांच्यावर गोल होतील तेव्हा ते मोजण्यापूर्वी आपण त्यांच्या शिदोरीत काय बांधून दिले होते ते मोजावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे. आणि ज्यांच्या घरी आठवीतली मुलगी आहे, त्यांनी मैदानाच्या तासाची ती चिठ्ठी लिहिण्यापूर्वी क्षणभर लेखणी थांबवावी.