मृगाआधी कात्री

मे संपत आला की या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार वरचेवर दिसू लागते. जास्वंद हिरवीगार आहे, पानं तकतकीत आहेत, उंचीही चांगली वाढली, पण कळी धरत नाही. त्यापुढे घातलेल्या खतांची यादी असते : चहाचा चोथा, कांद्याच्या सालींचं पाणी, केळ्याच्या साली, शेणखत, वर चिमूटभर डीएपी. आणि शेवटी प्रश्न, आता आणखी काय घालू?

काहीही घालू नका. इतकं खाऊनही न फुलणारी जास्वंद उपाशी नसते. तिला ऊन कमी पडतं, आणि वर्षानुवर्षं तिला कात्री लागलेली नसते. ही दोन्ही कामं फुकटात होतात, म्हणून कुणी सांगत नाही. बाजारात मिळते ती ‘फुलांची बाटली’.

आधी ऊन. जास्वंदीला रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. गॅलरीत उजेड भरपूर येतो, असं लोक लिहितात. पण नुसत्या उजेडावर पानं येतात, कळ्या येत नाहीत. त्यातही दक्षिणेकडच्या गॅलरीची एक अडचण फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. मुंबई-पुण्यात शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्यात येऊन जातो. तेव्हापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे थंडीत उन्हाने भरून जाणारी हीच गॅलरी जूनमध्ये उन्हाला पारखी होते, आणि वर पावसाळी आभाळ. तेव्हा एखाद्या सुट्टीच्या दिवशी तासातासाने कुंडीकडे बघा, ऊन कुठे आणि किती वेळ पडतं ते लिहून ठेवा, आणि कुंडी तिथे हलवा. गच्चीवर जागा मिळाली तर फारच उत्तम.

आता कात्री. जास्वंदीची कळी नव्या फुटीवर, कोवळ्या शेंड्याकडच्या पानांच्या बगलेत येते. जुन्या, लाकूड झालेल्या फांदीवर ती येत नाही. देशी जास्वंदीचं फूल उमलतं त्याच दिवशी मिटतं. म्हणजे रोज फूल हवं असेल तर झाडावर एकाच वेळी पुष्कळ शेंडे वाढते हवेत. न छाटलेलं झाड दोन-तीन उंच काठ्यांवर जातं, शेंडे तेवढेच राहतात आणि फुलंही तेवढीच. एक शेंडा कापला की खालच्या डोळ्यांतून दोन-तीन फुटवे येतात. सगळं गणित एवढंच आहे.

मृग नक्षत्र 7 जूनच्या सुमारास लागतं. त्याआधी, हवेत दमटपणा आला की छाटणी करा. झाडाचा वरचा एक तृतीयांश भाग काढा. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडं वर, तिरका काप घ्या. आत वळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळातून काढा. दोन-तीन आठवड्यांत फूट दिसते. ती वाढून कळीवर यायला वेळ लागतो, आणि भाद्रपदातल्या चतुर्थीला तांबडी जास्वंद घरची हवी असेल तर हीच वेळ आहे. श्रावणात कात्री चालवली तर गणपतीपर्यंत नुसता पालाच हाती येईल. कलमी, मोठ्या फुलांच्या जाती देशीपेक्षा सावकाश फुटतात, त्यांना हात जरा हलका ठेवा.

खताला माझा विरोध नाही, उतावळेपणाला आहे. नत्र जास्त झालं की झाड पानांतच रमतं. डीएपीत 18 टक्के नत्र, 46 टक्के स्फुरद आणि पालाश शून्य. जास्वंदीला नेमका पालाश हवा असतो, आणि स्फुरद साचलं की तिला लोह आणि जस्त मिळेनासं होतं. मग शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं पडतं. बोअरचं जड पाणी घालणाऱ्यांकडेही लोहाची हीच कमतरता दिसते. छाटणीनंतर दोन मुठी गांडूळखत द्या, आणि फूट वाढली की शेतकरी ज्याला ‘शून्य-शून्य-पन्नास’ म्हणतात ते पालाशचं खत, लिटरभर पाण्याला एक ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा. एवढं पुरे.

कळी धरते पण पिवळी पडून गळते, ही तक्रार वेगळी. माती कधी कोरडीठाक, कधी चिखल, असं झालं की कळ्या गळतात. फुलकिडे लागले तरी गळतात. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर पिठ्या ढेकूण शोधा. मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठीच वर चढतात. शेंड्याची पानं आखडून चुरगळलेला गुच्छ झाला असेल तर तो शेंडा कापून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये नको. मग लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने. ज्या फुलांचा चहा होतो, ज्या पानांचं तेल केसाला लागतं, त्या झाडावर विषारी फवारणी मला अजिबात मान्य नाही.

आणि ज्यांच्या गॅलरीत ऊन येतच नाही, त्यांनी झाड तिथे झुरवत ठेवू नये. सोसायटीच्या आवारात कडेने शोभेचे पाम लावायची पद्धत पडली आहे. त्यांच्याऐवजी कुंपणाच्या उन्हातल्या बाजूला देशी जास्वंद लावा, असं कमिटीच्या येत्या बैठकीत मांडा. रोपं विकत आणायलाही नकोत. छाटणीतल्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर काड्या निवडा, खालची पानं काढा, दोन डोळे मातीत जातील अशा खोचा. पावसाळी हवेत महिना-दीड महिन्यात मुळं धरतात.